घाबरणाऱ्याला दोष देऊ नका, उतरवणाऱ्याला विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकण किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग करताना, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली गेला असताना, आमच्या गावचा एक मुलगा गेला, त्याची बातमी आपल्या दैनिकात आली होती. बातमी चार-पाच ओळींचीच होती. शेवटची ओळ अशी की अनुभव नसल्याने आणि पाण्याखाली घाबरल्याने त्याचा मृत्यू झाल्याचा प्राथमिक अंदाज आहे. ती ओळ खोटी नाही. पण तिचा अर्थ गावात जो लागला तो चुकीचा लागला, आणि तो मुलाच्या आईबापाच्या वाट्याला आला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी पवनी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. हा मुलगा माझ्या वर्गात शिकलेला. पुढे आयटीआय करून नागपूरच्या बाजूला एका कंपनीत लागला होता. कंपनीतल्या मित्रांसोबत सहलीला गेला आणि पेटीत घरी आला. तेरवीला आलेले पाहुणे मांडवात बसून एकच बोलत होते, 'भेवला म्हणे पोट्टा.' त्याच्या आईच्या कानावर ते पडत होतं. पाहुणे गेल्यावर तिने मला विचारलं, 'मॅडम, तो तं पोहत होता ना जी. पुराच्या पाण्यात पोहत होता. मंग कसा गेला?'

तिचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर गावातल्या कोणाकडे नव्हतं, बातमीतही नव्हतं. मी ते शोधून वाचलं, त्याच्या मित्रांना भेटले, त्यांच्या मोबाईलमधलं चित्रीकरण पाहिलं. जे समजलं ते सांगते.

माझे बाबा ढिवर, मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. जाळं तळाच्या खुंटाला अडकलं की छातीभर श्वास घेऊन ते खाली जायचे, हाताने चाचपून जाळं सोडवायचे आणि वर यायचे. वैनगंगेत पोहायला शिकलेल्या प्रत्येक पोराच्या अंगात हेच मुरलेलं असतं. पाण्यात श्वास कोंडायचा, जीव घाबरा झाला की वर यायचं, डोकं बाहेर आलं की वाचलो. नदीत हे अगदी बरोबर आहे. पाठीवर सिलिंडर बांधलं की ह्याच सवयी जिवावर उठतात, आणि हे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

कारण साधं आहे. आपण जमिनीवर एका वातावरणाच्या दाबाखाली वावरतो. पाण्यात दर दहा मीटरला तेवढाच दाब आणखी वाढतो. बाबांनी काठावर घेतलेला पाच लिटरचा श्वास सहा मीटर खाली दबून जेमतेम तीन लिटर उरायचा आणि वर येताना पुन्हा पाच व्हायचा. जेवढा नेला तेवढाच परत आणला, म्हणून छातीला धोका नाही. सिलिंडरचं तसं नाही. तोंडातला रेग्युलेटर त्या खोलीवर जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा देतो, म्हणून तर खाली श्वास घेता येतो. सहा मीटरवर घेतलेला पाच लिटरचा श्वास तसाच कोंडून माणूस वर आला तर त्या हवेला आठ लिटर जागा हवी असते. छातीत ती नसते. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या फुग्यासारख्या फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, आणि ते मेंदूकडे गेले तर वर पोचलेला माणूस काही मिनिटांतच शुद्ध हरपतो. त्यासाठी समुद्राचा तळ गाठावा लागत नाही. छातीभर हवा कोंडून दीड-दोन मीटरवरून वर आलेल्यांनाही अशी इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून स्कूबाचा पहिला नियम जगभर एकच शिकवतात: श्वास कधीही रोखायचा नाही, आणि वर येताना सोडत यायचं, तेही सावकाश, मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास.

हवेचा दाब शिकवताना मी वर्गात बिनसुईची इंजेक्शनची सिरिंज वापरते. तोंडावर बोट दाबायचं आणि दांडा आत ढकलायचा. सोडला की परत उसळतो. त्या मुलानेही ती दाबून पाहिली होती. हे समजायला त्याला पाच मिनिटं पुरली असती. बोटीवर ती पाच मिनिटं त्याला कोणी दिली नाहीत.

मित्र सांगतात, किनाऱ्यावर एक कागद पुढे केला, सगळ्यांनी सह्या केल्या. काय लिहिलं होतं ते कोणी वाचलं नाही, वाचून दाखवलंही नाही. असा कागद खरं तर तब्येतीची चौकशी असतो. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कान फुटला होता का, फिट येते का, हे विचारायचं असतं आणि उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरकडे पाठवायचं असतं. त्यानंतर बोटीवर हलत्या फळीवर बसवून खुणा सांगितल्या. इंजिनाचा आवाज सुरू होता. दोघांना मळमळत होतं. अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल म्हणजे ठीक, पंजा आडवा हलवला म्हणजे अडचण, अंगठा वर म्हणजे वर जायचंय. ही शेवटची खूण लक्षात ठेवा.

आता चित्रीकरण. सुरुवातीला पाणी स्वच्छ आहे, खाली दगड दिसतात. एका प्रशिक्षकाने दोघांना धरलं आहे, दुसरा कॅमेरा घेऊन समोर आहे. कॅमेरा दिसताच दोघेही अंगठा वर करतात. फोटोत आपण सगळेच करतो तसा. प्रशिक्षकही मान हलवतो, कारण त्याला ठाऊक आहे की हे फोटोसाठी आहे. पुढे त्या मुलाच्या डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कच्या खालच्या कडेला पाणी दिसतं, फार नाही, नाकपुडीपर्यंत. त्याचा डावा हात मास्ककडे जातो, पट्टा चाचपतो, पाणी वाढतं. मग तो पुन्हा अंगठा वर करतो. दोनदा. समोरून त्याला 'ठीक' अशी गोल खूण मिळते आणि कॅमेरा दुसऱ्या मुलाकडे वळतो. परत येतो तेव्हा तोंडातला रेग्युलेटर सुटलेला आहे, बुडबुड्यांचा लोट आहे आणि पायातले फिन, म्हणजे रबरी पंखे, चौकटीच्या बाहेर चालले आहेत.

तो वर आला, बोटीपासून लांब. हाक मारली नाही. बुडणारा माणूस ओरडतो असं आपण धरून चालतो; आमच्या नदीवर बायका-माणसांनी पुष्कळदा पाहिलंय की तो ओरडत नाही. बोटीवर घेतलं तेव्हा शुद्ध नव्हती. अशा वेळी श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब द्यायचा असतो, शुद्ध ऑक्सिजन लावायचा असतो, पण बोटीवर ऑक्सिजनच नव्हता. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पंचनाम्याच्या वेळी हजर असलेल्या मित्राने सिलिंडरचा काटा पाहिला. हवा निम्म्याहून जास्त शिल्लक होती.

सिलिंडरमध्ये हवा असताना माणूस रेग्युलेटर का थुंकतो, हे मलाही आधी कळत नव्हतं. नाकात अचानक पाणी गेलं की घसा आपोआप आवळतो, ठसका येतो. ठसका आला की तोंड मोकळं करावंसं वाटतं. खरं तर रेग्युलेटर तोंडात ठेवूनही खोकता येतं, पण हे एकदा करून पाहिल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही. त्यात भीतीने श्वास उथळ आणि भराभर होतो. अशा श्वासाने आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, तो साचतो, आणि साचला की हवा कमी पडतेय असंच वाटतं, मग माणूस आणखी भराभर ओढतो. हवा आहे आणि तरी जीव गुदमरतो आहे, अशा अवस्थेत शरीर जुनी, ओळखीची वाट धरतं. आमच्या मुलाच्या शरीराला वैनगंगेची वाट ओळखीची होती: तोंड मिट, श्वास कोंड, वर पळ.

म्हणून मी म्हणते, तो भेकड नव्हता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने अनुभवी डायव्हरांना विचारलं होतं. निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं की कधी ना कधी पाण्याखाली आपली गाळण उडाली किंवा उडता उडता राहिली. शिकलेल्यांची ही गोष्ट. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क नावाची संस्था अशा मृत्यूंची नोंद ठेवते. तिच्या अभ्यासकांनी १९९२ ते २००३ या काळातले ९४७ मृत्यू तपासून २००८ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या प्रकरणांत घटनाक्रम लावता आला, त्यांत माणूस संकटात सापडण्याच्या पायरीवर निम्म्याहून जास्त वेळा एकच गोष्ट दिसली: घाईघाईने वर पळणं. घाबरणं सगळ्यांनाच होतं. घाबरल्यावर हात-पाय काय करतील, ते मात्र आधी शिकवता येतं, आणि जगभर तेच शिकवतात.

पक्कं शिकायचं तर तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम असतो. त्यात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं नुसतं तरंगावं लागतं, आणि उथळ पाण्यात मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते काढावं लागतं. मान थोडी वर, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, नाकाने हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. रेग्युलेटर मुद्दाम काढायचा, बारीक बुडबुडे सोडत राहायचं, हात मागे फिरवून त्याची नळी शोधायची, रेग्युलेटर परत तोंडात घालायचा. गडबड झाली तर आधी थांब, मग श्वास घे, मग विचार कर, मग हल, हे डोक्यात इतकं भरवतात की भीतीच्या क्षणीही ते वर येतं. एक दिवसाच्या हौशी पर्यटकाला एवढं सगळं शिकवता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण कमरेएवढ्या शांत पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं आणि सुटलेली नळी परत घेणं, या दोन गोष्टी प्रत्येकाकडून दोन-तीनदा करून घ्यायला अर्धा तास पुरतो. ज्याला ते जमलं नाही त्याला खोल न्यायचं नाही, त्याचे पैसे परत करायचे. आणि ज्याला आयत्या वेळी नको वाटलं त्याला 'अरे काही होत नाही' म्हणून ढकलायचं नाही. मित्र सांगतात, पाण्यात उतरण्याआधी आमचा मुलगा म्हणाला होता, 'मी बोटीवरच बसतो.' सगळ्यांनी त्याला भरीस घातलं. पैसे भरलेले होते ना.

कोकणातल्या त्या प्रशिक्षकांवर माझा राग नाही, हेही लिहिलं पाहिजे. तीही बहुतेक मासेमारांची पोरं. जाळ्यात मासळी कमी झाली, पर्यटकांवर घर चालायला लागलं. आमच्या ढिवरांच्या घरी दुसरं काय आहे? ती पोरं पाण्यात तरबेज असतात, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता माणसं काढतात. पण एका पाळीत किती पर्यटक उतरवले यावर मजुरी ठरते, तेव्हा अर्धा तास शिकवणाऱ्याचं नुकसान होतं आणि दहा मिनिटांत उरकणाऱ्याचा फायदा होतो. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यात केंद्र सरकारची जलक्रीडा संस्था आहे. शिकवणारे आपल्याकडे नाहीत असं कोणी म्हणू नये. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी सक्तीची केली. तरी २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीलाच स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. कागद झाला, धक्क्यावर उभं राहून मोजणारा माणूस हवा आहे. या बोटीत किती बसले, एका प्रशिक्षकामागे किती, ऑक्सिजनची टाकी आहे का, ती भरलेली आहे का, हे पाहणारा.

हे सगळं आमच्यापासून हजार किलोमीटर दूरचं आहे असं वाटेल. पण आमचा जिल्हा तलावांचा, आणि गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटन आणायच्या घोषणा झालेल्या आहेत. व्हावं, आमच्या पोरांना काम मिळेल. फक्त पाण्याच्या बाबतीत विदर्भाची मागची आठवण चांगली नाही. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळ वेणा जलाशयात नाव उलटून पोरं गेली, मोबाईलवर लाइव्ह सुरू होतं. २०२१ च्या सप्टेंबरात वर्धा नदीवर झुंज इथे अकरा जण बुडाले, एकाच नात्यातले. २०२४ च्या जानेवारीत मिरची तोडायला निघालेल्या बाया वैनगंगेत गेल्या, चामोर्शी तालुक्यातल्या. दर वेळी चार दिवस लाइफ जॅकेटची चर्चा झाली. आमच्या घाटावर आजही डोंग्यात एकही जॅकेट नसतं. गोसीखुर्दमध्ये तर पाण्याखाली झाडांचे खुंट आहेत, उठवलेल्या गावांच्या भिंती आहेत, पाणी गढूळ आहे, हात पुढे केला तर दिसत नाही. बाबांच्या संस्थेतल्या लोकांना कुठे काय आहे ते तोंडपाठ आहे. तिथे उद्या कोणी ठेकेदार पर्यटकांना पाण्यात उतरवणार असेल तर त्याने आधी या लोकांना विचारावं, आणि त्यांच्यातल्या तरुणांना बाहेर पाठवून नीट शिकवून, प्रमाणपत्र देऊन कामाला लावावं. निविदा निघण्याआधी हे झालं पाहिजे. नंतर होत नाही.

पालकांनाही एक सांगायचं आहे. आता आमच्या खेड्यातली पोरंही कमावायला लागली, वर्षातून एकदा समुद्र पाहायला जातात. जाऊ द्या. 'तुला तर पोहता येतं' म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला एवढंच बजावा की सिलिंडर लावलं की पोहण्याचे नियम बदलतात, श्वास कोंडायचा नाही, फोटोसाठी अंगठा दाखवायचा नाही, आणि मन मागे घेतलं तर बोटीवर बसून राहायचं.

आपल्याला विनंती आहे की अशी बातमी पुन्हा आली, न येवो, पण आली, तर वार्ताहरांना थोडे प्रश्न विचारायला सांगा. उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव झाला होता का, किती वेळ? प्रशिक्षकाच्या हातात किती जण होते? तब्येतीचा कागद वाचून दाखवला होता का? बोटीवर ऑक्सिजन होता का? सिलिंडरमध्ये हवा किती उरली होती? ही माहिती पोलिसांकडे आणि सोबतच्या मित्रांकडे असते, फोन केला की मिळते. 'घाबरल्याने मृत्यू' ही ओळ एकटी छापली की सगळा दोष मेलेल्यावर जातो, आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट भरतात.

त्याच्या आईला मी सिरिंज घेऊन जाऊन हे सगळं समजावलं. शाळा चौथीपर्यंत झालेली बाई, पण पटकन समजली. म्हणाली, 'म्हणजे त्याले सांगतलं असतं तं तो तसा वर नसता आला.' मी हो म्हटलं.

हे पत्र जिल्ह्याच्या पानावर घ्यावं, आमच्याकडे तेच पान सगळ्यांच्या हातात जातं.

आपली,
एक शिक्षिका
ता. पवनी, जि. भंडारा